दहा वर्षे झाली. वरचा पगार कधी?

पोलीस शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाला दहा वर्षे उलटली, तरी वरची जागा रिकामी असेलच असे नाही. पद अडले म्हणून पगारही अडू नये, यासाठी महाराष्ट्रात ‘सुधारित सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना’ आहे. पूर्वी बारा आणि चोवीस वर्षांनी लाभ मिळे. २ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने तो १०, २० आणि ३० वर्षांवर आला, तोही १ जानेवारी २०१६ पासून.

हा लाभ फक्त पगाराचा. खांद्यावरच्या फिती बदलत नाहीत, ज्येष्ठता यादीतली जागाही नाही. दरम्यान खरी पदोन्नती झाली, तर ती तीन लाभांपैकी एक धरली जाते. आपण पदोन्नती नाकारली असेल, तर मात्र हक्क जातो.

आधी नियमित सेवेची वर्षे मोजा. नेमणुकीची तारीख सेवापुस्तकात (नोकरीची अधिकृत नोंदवही) पाहा.

मग पात्रता. गोपनीय अहवाल, म्हणजे वरिष्ठांनी दरवर्षी लिहिलेला कामाचा शेरा, तपासला जातो. विभागीय चौकशी चालू असली की प्रकरण थांबते. एखाद्या वर्षाचा अहवाल लिहिलाच गेला नाही, म्हणूनही फाइल अडून राहते. सतत बदल्या होणाऱ्यांच्या बाबतीत हे फार घडते आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. म्हणून दहावे वर्ष लागताच आस्थापना शाखेत जाऊन आपले अहवाल पूर्ण आहेत का, ते विचारा.

मंजुरीनंतर वेतननिश्चिती होते. समजा, एस-७ स्तरात आपले मूळ वेतन २८,४०० रुपये आहे. आधी त्याच स्तरात एक वेतनवाढ धरतात : २९,३००. मग वरच्या स्तरात तेवढाच किंवा त्याहून लगेच मोठा आकडा शोधतात. तो स्तर एस-८ असेल, तर २९,६००.

इथे एक विकल्प असतो : निश्चिती लाभाच्या तारखेपासून हवी, की पुढच्या वार्षिक वेतनवाढीच्या तारखेपासून. मुदतीत लेखी विकल्प न दिल्याने पुढे वर्षानुवर्षे थोडे थोडे नुकसान झालेले लोक आहेत. दोन्ही प्रकारे हिशेब मांडून मगच सही करा.

शेवटी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते. ही पडताळणी निवृत्तीपर्यंत लांबवू नका. निश्चिती चुकून जास्त झालेली असेल, तर वसुली निघते आणि निवृत्तिवेतनाची फाइल अडते. ‘पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह’ या खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्तांकडून अशी वसुली करू नये असे सांगितले आहे. पोलीस शिपाई वर्ग तीनमध्ये येतो. वसुलीची नोटीस आलीच, तर लेखी उत्तरात या निकालाचा उल्लेख जरूर करा. पण जास्त रक्कम परत करण्याचे हमीपत्र आपण आधी लिहून दिले आहे का, तेही पाहून घ्या, कारण कार्यालय त्यावर बोट ठेवते.