काळ्या पेटीवरची अक्षरं

आमच्या घरी आईचं शिलाई मशीन होतं. काळंभोर अंग आणि त्यावर सोनेरी वेलबुट्टी. सुईपुढच्या ज्या जागेवरून वर्षानुवर्षं कापड सरकत गेलं, तिथली वेल पुसून गेली होती. बाकीची शेवटपर्यंत लखलखत राहिली. ती नक्षी कुणीतरी कुंचल्यानं काढली असेल, असंच मला लहानपणी वाटायचं. ती आधी कागदावर छापतात आणि मग मशीनवर उतरवतात, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. तेही एका मानहानीच्या प्रसंगामुळे.

आमचं काव्यवाचनाचं एक लहानसं मंडळ आहे. मंडळाकडे जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. आम्ही त्याला नुसतं ‘पेटी’ म्हणतो. काळी पत्र्याची पेटी, वरून संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत. ती सांभाळायचे आमचे अण्णा. सोलापुरातल्या सूत रंगवण्याच्या कारखान्यात त्यांची उमर गेली. घरात तेलुगू, शाळा मराठी आणि तीही चौथीपर्यंत. पेटीवरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नव्हती. कुठलं बटण कुठं, हे त्यांनी हातानं पाठ केलं होतं.

गेल्या वर्षी पेटी दुरुस्तीला गेली आणि परत आली तेव्हा बटणांच्या जागा बदललेल्या होत्या. कार्यक्रमात दिवे मंद होते, एक तरुण कवयित्री पहिल्यांदाच वाचत होती. अण्णांनी नेहमीच्या जागेचं बटण फिरवलं आणि माईकनं कानठळ्या बसवणारी शिट्टी मारली. ती पोरगी गांगरली. मागून कुणीतरी बोललं, “वाचता येत नाही त्याला कशाला बसवता?” अण्णांनी पेटी बंद केली आणि निमूट घरी गेले. पुढचे दोन कार्यक्रम ते आलेच नाहीत.

चूक अण्णांची नव्हती. त्यांना मराठी वाचता येतं. पेटीलाच मराठी येत नव्हती. मी ठरवलं, पेटीवर आपली अक्षरं लावायची.

साधे स्टिकर लावून पाहिले. खरबरीत पत्र्यावर त्यांच्या कडा आठवड्यात उचलल्या. मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या आमच्या चाचांनी सुचवलं, “पाण्यावरचा डेकल लाव.” बबलगमबरोबर मिळणारं, पाण्यानं हातावर उमटणारं चित्र आठवतं ना? त्याच घराण्यातली ही गोष्ट. डेकल हा शब्द फ्रेंच ‘डेकाल्कोमानी’वरून आला. छापलेलं चित्र दुसऱ्या वस्तूवर उतरवायची ही कला अठराव्या शतकापासूनची. चिनी मातीची भांडी, सायकली, शिलाई मशीन अशा कितीतरी वस्तूंवर तिनं नक्षी चढवली.

डेकलच्या कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर असतो. बहुधा डेक्स्ट्रिनचा, म्हणजे भाजलेल्या स्टार्चचा, आपल्या सुताला लावतात त्या खळीचा चुलतभाऊच. त्यावर अतिशय पातळ पारदर्शक पापुद्रा आणि पापुद्र्यावर आपली छपाई. कागद अर्धा मिनिट कोमट पाण्यात ठेवला की डिंक सुटतो. मग पापुद्रा उचलायचा नाही, कागदावरून जागेवर अलगद सरकवायचा आणि मऊ फडक्यानं मधून कडेकडे पाणी काढायचं. पाणी डिस्टिल्ड घ्यावं. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्यावर लगेच दिसतात. एक वाटी पाणी पुरतं.

छपाईचं एक पथ्य आहे. लेझर प्रिंटरची भुकटी प्लॅस्टिकची असते, ती पाण्यानं धुपत नाही. इंकजेटची शाई मात्र वाहते. म्हणून पाण्यात घालण्याआधी तिच्यावर पारदर्शक लॅकरचे दोन-तीन पातळ हात देऊन पूर्ण वाळवावे लागतात. कागदही ज्या प्रिंटरचा त्यालाच वापरावा.

मी पारदर्शक पापुद्र्यावर सुरेख पिवळी अक्षरं छापली. पांढऱ्या कागदावर ती झळकत होती. पेटीवर सरकवली आणि काय सांगू, गायब! तिरकं पाहिलं तर ओलसर सावली तेवढी दिसायची.

पेटी घेऊन अण्णांच्या घरी गेलो. माफी मागायची होतीच. अण्णांनी पेटीकडे पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी हसले. म्हणाले, “कविराज, काळ्या सुतावर पिवळा रंग चढतो का? दहा वेळा बुडवा. आधी खाली पांढरं पाहिजे.”

सगळं मर्म या एका वाक्यात होतं. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतोच. तो कागदाचा पांढरेपणा उसना घेतो. त्याचे रंग काचेसारखे आरपार असतात. खाली काळं असेल तर वर काळंच दिसतं. आईच्या मशीनवरची वेल दिसायची, कारण तिच्यातलं सोनेरी धातूचं असल्यानं खालचा काळा रंग झाकायचं.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून किंवा पांढऱ्या टोनरचा प्रिंटर असलेल्याकडून झाकणारी पांढरी अक्षरं छापून घेणं. दुसरा, पेटीवर आधी फिक्या रंगाची पट्टी रंगवून तिच्यावर काळ्या अक्षरांचा डेकल लावणं. तिसरा मला सगळ्यात आवडला. डेकलचा कागद पांढऱ्या पापुद्र्याचाही मिळतो. त्यावर अक्षरं छापायचीच नाहीत; भोवतीचा काळा रंग छापायचा आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची. छापलेला काळा आणि पेटीचा काळा तंतोतंत जुळत नाही, म्हणून प्रत्येक शब्दाचा तुकडा लावण्यापेक्षा पूर्ण पॅनेलभर एकच पट्टी करावी. कापलेली पांढरी कड काळ्या मार्करनं झाकावी.

तुकडे का नकोत, याला देवनागरीचंही एक कारण आहे. इंग्रजीची मोठी अक्षरं एका उंचीची. आपल्याकडे वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार. मी हौसेनं शब्द कडेनं कापले तेव्हा ‘बंद’वरचा टिंब कात्रीत गेला आणि ‘बद’ उरलं. उर्दूत बद म्हणजे वाईट. चाचा म्हणाले, “अशी पेटी कोण विकत घेणार?”

राहिला खरबरीतपणा. पापुद्रा उंचवट्यांवर टेकतो, खळग्यांत हवा अडकते आणि त्या हवेवरून उजेड परतून चंदेरी झाक दिसते. काळ्यावर ती सर्वांत जास्त खुपते. म्हणून आधी जमीन तयार करायची. पेटीचा प्लग काढून ठेवावा, पॅनेल सुटं करावं. अक्षरांच्या जागेवर चकचकीत पारदर्शक लॅकरचे हात द्यावेत, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरनं पाण्यात घासावं, पुन्हा हात द्यावा. बोट फिरवून गुळगुळीत लागेपर्यंत. मग डेकल. पापुद्रा नरम करून खळग्यांत बसवणारं द्रावण मिळतं. पाण्यात मिसळलेलं व्हिनेगरही थोडंफार काम करतं. पण आधी रद्दी तुकड्यावर पाहावं, तीव्र द्रावणानं पापुद्रा सुरकुततो. बुडबुडा राहिलाच तर सुईच्या टोकानं टोचून दाबावा. पत्रा फारच खडबडीत असेल तर हट्ट सोडावा. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर डेकल लावून ती पट्टी स्क्रूनं बसवावी.

रात्रभर वाळू द्यावं. मग वरून लॅकर, पहिला हात अगदी पातळ. एकदम जाड मारला तर पापुद्रा आक्रसतो. फवारणी उघड्यावर आणि शेगडीपासून लांब. हा शेवटचा थर चुकवू नये. बोटं रोज फिरणार आहेत. आईच्या मशीनवरची वेल कशी गेली ते मी पाहिलं आहे.

आमच्या पेटीला तीन प्रयत्न लागले. आता तिच्यावर ‘आवाज’, ‘खर्ज’, ‘टीप’, ‘घुमारा’, ‘चालू’ आणि अनुस्वारासकट ‘बंद’ अशी पांढरी अक्षरं आहेत, मंद उजेडातही दिसणारी. पुढच्या कार्यक्रमाला मी अण्णांना आणायला गेलो. त्यांनी चष्मा लावला, एकेक शब्द मोठ्यानं वाचला, अक्षरांवरून बोट फिरवलं. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “आता चुकलो, तर चूक माझी.”

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)