जेवणाच्या मेजावरून धावणारी आगगाडी

नारायणगड (जि. बीड) : नगद नारायणाच्या गडावर येणाऱ्या बीड परिसरातील भाविकांच्या कित्येक पिढ्या रेल्वेची वाट पाहण्यातच गेल्या. १९९५ मध्ये मंजूर झालेल्या अहमदनगर-बीड-परळी मार्गावरून बीड शहरापर्यंत प्रवासी गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एका मराठी राजघराण्याच्या राजवाड्यात मात्र चक्क जेवणाच्या मेजावरून आगगाडी धावत होती. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील ही रुप्याची गाडी पर्यटकांना आजही थक्क करते. तिची कथा केवळ राजेशाही हौसेपुरती मर्यादित नाही.

सुरई उचलताच गाडी थांबे

शिंदे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडचे. या घराण्यातील जयाजीराव शिंदे यांनी १८७४ मध्ये जयविलास बांधून घेतला. मायकेल फिलोज हे त्याचे वास्तुरचनाकार. दरबार दालनातील दोन झुंबरांचे वजन प्रत्येकी साडेतीन टन असून, ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची मजबुती पाहिली गेली, असे सांगितले जाते.

जयाजीरावांचे पुत्र माधवराव यांना यंत्रांचे, विशेषतः रेल्वेचे, विलक्षण वेड होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी भोजनगृहातील लांबलचक मेजावर त्यांनी रूळ बसविले. खेळण्यातील आगगाड्यांसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधील बॅसेट-लोक या कंपनीने ही गाडी घडविली, असे मानले जाते. विजेवर चालणाऱ्या या गाडीच्या सात डब्यांवर ‘सिंदिया’ या नावाच्या इंग्रजी लेखनातील सात अक्षरे आहेत. डब्यांत मद्याच्या काचेच्या सुरया आणि सिगार ठेवले जात. भोजनानंतर गाडी पाहुण्यांसमोरून फिरे. एखाद्याने सुरई उचलली, की ती आपोआप थांबे आणि सुरई जागेवर ठेवताच पुन्हा चालू लागे. वाढप्याची गरजच उरत नसे.

यंत्र म्हटले, की बिघाडही आलाच. व्हाइसरॉयच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत गाडी अनावर झाली आणि पाहुण्यांच्या अंगावर खाद्यपदार्थ उडवीत सुटली, असा किस्सा ‘फ्रीडम ॲट मिडनाइट’ या पुस्तकात आला आहे.

हौसेतून लोकांची रेल्वे

माधवरावांची हौस मेजापुरती थांबली नाही. मेजावरची गाडी येण्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्यांनी राजवाड्याच्या परिसरात दोन फूट रुंदीच्या रुळांची छोटी रेल्वे घातली होती. तिचाच विस्तार होऊन ‘ग्वाल्हेर लाइट रेल्वे’ उभी राहिली. १८९९ पासून शिवपुरी आणि भिंडकडे प्रवासी गाड्या धावू लागल्या. पुढे श्योपूरपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग झाला. इतक्या अरुंद रुळांवरील जगातील सर्वांत लांब मार्गांत त्याची गणना होई. चंबळ परिसरातील दुर्गम गावांना या गाडीचाच आधार होता. डब्यात जागा न मिळालेले प्रवासी टपावर बसून जात.

माधवरावांचे १९२५ मध्ये पॅरिस येथे निधन झाले. त्यांचेच नाव धारण करणारे नातू माधवराव शिंदे पुढे देशाचे रेल्वे राज्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९८८ मध्ये, पहिली शताब्दी एक्स्प्रेस सुरू झाली. नवी दिल्लीहून निघणारी ही गाडी ग्वाल्हेर मार्गावरच धावली.

एक जपली, दुसरी थांबली

ऐतिहासिक इमारतीत छोटी रेल्वे पाहण्याचे आकर्षण जगभर आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे बंदरावरील जुन्या गोदामांत २००१ मध्ये सुरू झालेले ‘मिनियेचर वुंडरलँड’ पाहण्यासाठी दरवर्षी लाखो लोक येतात. जयविलासचा काही भाग १९६४ पासून संग्रहालय म्हणून खुला असून, रुप्याची गाडी तेथे जतन केलेली आहे.

श्योपूरची छोटी गाडी मात्र २०२० मध्ये थांबली. तिच्या जागी रुंद मार्गाचे काम हाती घेण्यात आले. वेगवान रेल्वे ही तेथील जनतेची गरजच होती, हे रेल्वेसाठी तीस वर्षे थांबलेल्या बीडकरांना वेगळे सांगावयास नको. तथापि, शतकभर सामान्यांना वाहून नेणाऱ्या गाडीचा एखादा तुकडा तरी चालता ठेवता आला असता. राजाच्या पाहुण्यांसाठी धावलेली गाडी काचेआड सुरक्षित आहे; प्रजेसाठी धावलेल्या गाडीच्या वाट्याला तेवढीही जपणूक यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.