न दुखणारी सूज

आमच्या दहावीतील एका मुलाचा गाल हळूहळू फुगत होता. दुखत नव्हते, म्हणून अम्मी-अब्बांना वाटले, अक्कलदाढ येत असेल. आम्ही शिक्षकही रोज पाहून गप्प राहिलो. दात हलू लागला तेव्हा एक्स-रे काढला. जबड्याच्या हाडात साबणाच्या फुग्यांसारखे कप्पे दिसले. तुकडा तपासल्यावर नाव कळले: अमेलोब्लास्टोमा.

दातांशी निगडित पेशींतून होणारी ही दुर्मीळ गाठ सहसा कर्करोगाची नसते, पण हाड पोखरते. नुसती खरवडली तर पुन्हा होण्याचा धोका मोठा. म्हणून मोठ्या गाठीसोबत भोवतालचे १ ते २ सेंटिमीटर चांगले हाडही कापतात. गरजेप्रमाणे पायाच्या बारीक हाडाने जबडा घडवतात. नंतरही अनेक वर्षे तपासणी हवी.

मुलगा पुन्हा वर्गात येतो. आम्ही मात्र शिकलो: दुखत नाही, म्हणून सूज अंगावर काढू नये.