चाकांवरचं घर उभं कुठे करायचं?

हैदराबादला समुद्र नाही, पण समुद्राला जाऊन मिळणारा रस्ता शहरातूनच जातो. राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याहून निघतो, सोलापूर, उमरगा, जहीराबाद करत हैदराबादेत येतो आणि विजयवाड्यावरून मछलीपट्टणमला, बंगालच्या उपसागराकाठी संपतो. कुतुबशाहीत गोवळकोंड्याच्या राज्याचं हे मोठं बंदर होतं. डचांनी १६०५ मध्ये आणि इंग्रजांनी १६११ मध्ये इथे बस्तान मांडलं ते मुख्यतः कापडाच्या व्यापारासाठी. किनाऱ्याचं मीठ पठारावर चढवायचं काम मात्र बंजाऱ्यांच्या तांड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. मुलंबाळं आणि भांडीकुंडी बरोबर घेऊन चालणाऱ्या तांड्याचा मुक्काम पाणी आणि चारा असेल तिथेच पडायचा आणि दिवसाची वाटचाल त्या हिशेबाने ठरायची. हैदराबादच्या काचीगुड्यातल्या किंवा कुकटपल्लीतल्या मराठी कुटुंबाने आज मोटरहोम भाड्याने घेऊन वसंतात किनारा फिरायचं ठरवलं, तर त्यांनीही याच क्रमाने विचार करावा, असं माझं म्हणणं आहे. पलंग किती, एसी कसा, स्वयंपाकाची सोय काय, हे प्रश्न नंतरचे. गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे आधी ठरलं पाहिजे. सगळी सहल त्यावर अवलंबून असते आणि नेमकं तेच आपल्याकडे शेवटच्या क्षणापर्यंत कोणी ठरवत नाही.

आधी ऋतूचं पाहू. किनाऱ्यावरचा वसंत फार थोडे दिवस टिकतो आणि पूर्वेला-पश्चिमेला तो सारखाही नसतो. पूर्व किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १५ एप्रिल ते १४ जून मासेमारीबंदी असते. पश्चिम किनाऱ्यावर ती १ जूनपासून सुरू होते. त्यामुळे ताज्या मासळीसह किनारा पाहायचा तर बापटलाजवळचं सूर्यलंका किंवा विशाखापट्टणम ते भीमुनिपट्टणम हा समुद्राला चिकटून जाणारा रस्ता पाडव्याच्या आगेमागेच करावा. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, म्हणजे सुट्टीही दोन्हीकडे असते. कोकणात जायचं तर फाल्गुन पौर्णिमेपासून वाव आहे. शिमग्याच्या पालख्या गावोगाव फिरत असतात, वेंगुर्ल्याकडे सुरंगीचा मोसम असतो, काजूची बोंडं धरलेली असतात, आणि वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जात असतात. मे महिना सुट्टीचा खरा, पण मोटरहोमसाठी वाईट. वाटेत सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो, किनाऱ्यावर दमट उकाडा असतो. उन्हात उभी असलेली बंद गाडी आतून तापते आणि रात्रभर एसी चालवायला बाहेरून वीज लागते. ती नसेल तर इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून शेजाऱ्यांची झोप मोडावी लागते. मुक्कामाचा प्रश्न इथूनच डोकं वर काढतो.

मोटरहोमची जाहिरात स्वातंत्र्याची असते: वाटेल तिथे जा, वाटेल तिथे थांबा. कोकणचा भूगोल हे मान्य करत नाही. हैदराबादहून रत्नागिरी सोलापूर, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाटावरून जवळपास सातशे किलोमीटर पडते, म्हणजे जड गाडीला दोन दिवस. घाट उतरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. मुख्य रस्ता सोडून वाडीत शिरलं की दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, वर माडांच्या झावळ्या आणि विजेच्या तारा, समोरून येणारी एसटी. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी साध्या मोटारीपेक्षा कितीतरी उंच आणि लांब असते. तिला वळायला जागा लागते आणि मागे घ्यायला त्याहून जास्त. शिमग्यात पालखी रस्त्यावर असताना अशी गाडी मध्येच अडकणं हा गावाचा खोळंबा आहे. दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड, वेश्वी–बागमांडला इथल्या जंगरी, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या वाहनबोटी, मोठी वाहनंही नेतात, पण ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि मागे लांब निघालेली गाडी टेकू शकते. होळीची पौर्णिमा म्हणजे उधाणाचे दिवस. त्या दिवसांत भरती नेहमीपेक्षा वर चढते आणि सकाळी कोरडी दिसलेली वाळू दुपारी पाण्याखाली जाते. देखाव्याच्या मोहाने पुळणीवर गाडी उभी करणाऱ्याने आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं, आणि ते पाहून झाल्यावरही गाडी पुळणीवर नेऊ नये.

वाळूवर गाडी न नेण्याचं आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते ते सर्वांत मोठं आहे. वेळासमध्ये २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने कासवांची घरटी राखायचं काम उभं केलं. अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात, आणि बाहेर आलेलं पिल्लू उजेडाकडे जातं, कारण अंधाऱ्या किनाऱ्यावर समुद्राकडचं क्षितिजच सर्वांत उजळ असतं. किनाऱ्यालगत दिवे लावून उभी असलेली गाडी त्या पिल्लाला उलट्या दिशेला ओढते. चाकांखाली दबलेल्या वाळूतून त्याला वर येणंही अवघड होतं. वसंतात ज्या किनाऱ्याचं सगळ्यात अपूर्व दृश्य पाहायला आपण जातो, त्याचंच नुकसान आपली गाडी करू शकते, हे आपल्याला माहीत असायला हवं.

पाण्याचा हिशेब याहून साधा, पण रोजचा. मोटरहोममधली टाकी साधारण शंभर-दीडशे लिटरची असते. चौघांच्या आंघोळी आणि भांडी झाली की ती संपते. कोकणात पाऊस धो-धो पडतो, पण जांभा सच्छिद्र आहे, पाणी धरून ठेवत नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरींचे तळ दिसू लागतात. गावाला पाणी कमी पडत असताना वाटसरूने फुकट टाकी भरून घेणं बरोबर नाही. पाण्याचे पैसे द्यावेत. सांडपाण्याचं तर आणखीच बिकट. त्याच जांभ्यातून मैला विहिरीपर्यंत झिरपू शकतो. गाडीतल्या शौचालयाची टाकी ओढ्यात, रस्त्याकडेला किंवा शेतात रिकामी करणं म्हणजे ज्या घरी आपण पाणी मागितलं त्याचंच पाणी नासवणं. ती नीट बांधलेल्या सेप्टिक टाकीतच रिकामी झाली पाहिजे, आणि त्यासाठी वापरायचं रसायन फॉर्मल्डिहाइड नसलेलं हवं, नाहीतर सेप्टिक टाकीतले जिवाणूच मरतात.

यावर कोणी म्हणेल, एवढी बंधनं असतील तर मोटरहोम हवंच कशाला? गाडी आणि हॉटेल मिळून खर्चही कदाचित कमीच येईल. खर्चाबद्दल हे बहुतेक वेळा खरं आहे, आणि पैसे वाचतील म्हणून मोटरहोम घेऊ नये. पण घरात वृद्ध आई-वडील असतील, कोणाला पथ्याचं जेवण लागत असेल, प्रवासात स्वच्छ शौचालयाची दर दोन तासांनी गरज पडत असेल, तर सातशे किलोमीटरच्या वाटेवर आपलं अंथरूण आणि आपलं शौचालय बरोबर असण्याची किंमत पैशांत मोजता येत नाही. अशा कुटुंबाने गाडी दोन-तीन ठिकाणीच उभी करावी, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन रात्री राहावं, आणि तिथून पुढे रिक्षा, एसटी, जंगर किंवा पायी फिरावं. पहिलाच प्रवास असेल तर पूर्वेकडचा सपाट मुलूख धरावा, कोकणचा घाट दुसऱ्या खेपेला.

दुसरा आक्षेप कोकणाच्या बाजूने येतो, आणि तो जास्त गंभीर आहे: जो आपलं घर, गॅस आणि किराणा घेऊन येतो, तो गावाला काय देतो? वेळासच्या घरांनी पाहुणे ठेवून कासवांच्या रक्षणाला कमाईची जोड दिली. गाडीत झोपणारा आणि गाडीतच जेवणारा पाहुणा ती जोड तोडतो. याचं उत्तरही मुक्कामातच आहे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी. या धोरणांत गाड्यांइतकाच गाड्या उभ्या करायच्या जागांचा विचार आहे, आणि माझ्या मते सगळा जोर तिथेच हवा. मोठी पार्क उभी राहायची तेव्हा राहोत. ज्या घराचं अंगण रस्त्याला लागून आहे, त्याने पंधरा अँपिअरचा प्लग, एक नळ आणि सेप्टिक टाकीला जोडलेलं झाकणाचं तोंड एवढं केलं तरी मुक्काम तयार होतो. जागेचं भाडं, पाण्याचे पैसे आणि रात्रीच्या ताटाचे पैसे त्या घराला मिळतील. पाहुण्यानेही निदान रात्रीचं जेवण त्या घरीच घ्यावं.

म्हणून गाडी ठरवताना मुक्कामाच्या मालकाला फोन करून दोनच गोष्टी विचारा: पाणी कुठून भरायचं आणि घाण कुठे रिकामी करायची. नीट उत्तर मिळालं नाही तर मोटरहोम घेऊ नका. साध्या गाडीने जा आणि वेळासच्या एखाद्या घरी उतरा.