भट्टीच्या गावात बर्फाचा खेळ

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई तयार होते, आणि जिथे भट्ट्या आहेत तिथे भाजलेली माणसंही असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीतला वितळलेला धातू उसळला आणि वीसहून अधिक कामगार जखमी झाले. अशा बातमीत आपण जखमींचा आकडा वाचतो, कुणाला संभाजीनगरला हलवलं तेही वाचतो आणि पान उलटतो. पुढच्या कित्येक आठवड्यांची बातमी कुठेच येत नाही. भाजलेल्या माणसाची पट्टी पुन्हा पुन्हा बदलावी लागते, मेलेली कातडी काढावी लागते, सांधे आखडू नयेत म्हणून दुखत असतानाच हातपाय ताणावे लागतात. यातलं बरंचसं पेशंट शुद्धीवर असताना चालतं. वेदनाशामक दिलेलं असलं तरी ड्रेसिंगची ट्रॉली दिसताच धडधाकट गडीही रडकुंडीला येतो.

व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी), म्हणजे डोळ्यांवर चष्मा चढवून दिसणारं आभासी जग, हा पोरासोरांचा खेळ, दवाखान्यात त्याचं काय काम, असं ज्याला वाटतं त्याने या ट्रॉलीपाशी थोडा वेळ उभं राहावं.

गैरसमज : हा करमणुकीचा चष्मा आहे, उपचाराचा नाही

करमणुकीचा आहे हे खरंच, आणि त्याचा उपयोगही त्यातूनच होतो. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन हे दोन मानसशास्त्रज्ञ १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात भाजलेल्या रुग्णांसाठी व्हीआर वापरून पाहू लागले. त्यांच्या गटाने ‘स्नोवर्ल्ड’ नावाचा खेळ बनवला. चष्मा डोळ्यांवर चढला की रुग्ण एका बर्फाळ दरीतून तरंगत जातो, आणि वाटेत भेटणाऱ्या हिममानवांवर, पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकतो. इकडे नर्स पट्टी सोडवत असते.

यामागे जादू नाही. वेदना जाणवायला मेंदूला लक्ष खर्च करावं लागतं, आणि माणसाकडे लक्ष मोजकंच असतं. दरीत गुंतलेल्या मनाकडे जखमेसाठी ते कमी उरतं. २००४ मध्ये याच गटाने निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला सोसवेल इतका चटका देत त्यांच्या मेंदूचं चित्रण केलं. वेदनेशी संबंधित पाच भागांतली हालचाल खेळाच्या वेळी निम्म्याहून अधिक घटलेली दिसली. म्हणजे खेळताना कमी दुखतं असं सांगणारे रुग्ण नुसते भिडेखातर ‘बरं वाटतंय’ म्हणत होते, असं नाही.

मात्र यावरून ‘आता भूल नको, गोळी नको’ असा अर्थ काढणं चूक आहे. चष्मा औषधासोबत वापरायचा, औषधाऐवजी नव्हे. शिवाय चेहरा भाजलेला असेल तर तो चढवायचा कसा? सिएटलच्या गटाला त्यासाठी चेहऱ्याला न टेकता समोर धरून ठेवता येईल असं उपकरण करावं लागलं. एकाचा चष्मा दुसऱ्याला देण्याआधी तो नीट निर्जंतुक करावा लागतो, हेही आलंच. उघड्या जखमांच्या वॉर्डात ही बाब किरकोळ नाही.

गैरसमज : चष्मा लावला की दुखणं गेलं

असं सांगणारी जाहिरात दिसली तर आकडे मागावेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने जुनाट कंबरदुखीवर घरी वापरायच्या ‘ईझव्हीआरएक्स’ या व्हीआर उपचाराला परवानगी दिली. ती १७९ जणांवरच्या आठ आठवड्यांच्या चाचणीवर आधारलेली होती. वेदना ३० टक्क्यांहून जास्त कमी झाली असं हा उपचार घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोकांनी सांगितलं. जाहिरातीत एवढंच छापलं जातं. पण ज्यांना तुलनेसाठी नुसती सपाट चित्रफीत दाखवली होती, त्यांच्यातल्याही ४१ टक्के लोकांनी तसंच सांगितलं! फरक खरा आहे, फक्त तो ६६ चा नाही, २५ चा आहे. जवळजवळ दहा टक्के लोकांना मळमळ किंवा गरगर झाली, हेही त्याच कागदपत्रांत नोंदलेलं आहे.

लकव्यानंतरच्या व्यायामाचंही असंच. ७२ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात हाताच्या हालचालीसाठी व्हीआर नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा सरस ठरलं नाही. नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून दिलं आणि एकूण व्यायाम वाढला, तेव्हा मात्र फायदा दिसला. कंटाळून व्यायाम सोडणाऱ्या आजोबांना खेळ म्हणून अजून वीस मिनिटं हात हलवायला लावणं, एवढं ते काम. मला ते अजिबात कमी वाटत नाही.

गैरसमज : एआर म्हणजे भविष्यातली, मोठ्या शहरातली गोष्ट

व्हीआर समोरचं जग झाकून दुसरं दाखवतं. एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी) समोरचं जग तसंच ठेवून त्यावर माहिती चढवतं. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शल्यचिकित्सकाने असाच चष्मा लावून, रुग्णाच्या पाठीत आतलं हाड कुठे आहे ते पाहत मणक्यात सहा स्क्रू बसवले. बातम्या अशाच गोष्टींच्या होतात. पण एआरला चष्मा लागतोच असं नाही. बाळाच्या हातावर प्रकाश टाकून कातडीखालच्या शिरांचं जाळं तिथेच दाखवणारं छोटं यंत्र तुम्ही कदाचित पाहिलंही असेल. रक्तातलं हिमोग्लोबिन अवरक्त किरण शोषून घेतं, आजूबाजूची ऊती ते परतवते, त्या फरकातून नकाशा तयार होतो आणि यंत्र तो कातडीवरच उमटवतं. सलाईनची सुई कुठे टोचायची ते कळतं. हीसुद्धा एआरच, फक्त कुणी तिला त्या नावाने ओळखत नाही.

गैरसमज : आता मृतदेहाची आणि शिक्षकाची गरज उरणार नाही

जालन्याला हा प्रश्न नवा आणि खरा आहे. २०२४-२५ पासून इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांसह सुरू झालं. नव्या महाविद्यालयाला देहदानातून मृतदेह मिळवणं आणि शिकवायला अनुभवी माणसं आणणं ही दोन्ही कामं कठीण. अशा वेळी कुणी त्रिमिती शरीर दाखवणारं टेबल विकायला आलं की मोह होणारच.

या वादात एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. येल विद्यापीठात १६ शिकाऊ सर्जनांपैकी निम्म्यांना संगणकावर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा आभासी सराव दिला आणि मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णांचं पित्ताशय सोडवलं. निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सराव केलेल्यांचं काम २९ टक्के लवकर झालं. सराव न केलेल्यांच्या हातून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे चटका बसण्याची शक्यता पाचपट होती. गंमत म्हणजे त्यात डोक्यावरचा चष्मा नव्हताच, साधा पडदा आणि हातात धरायच्या दोन मुठी होत्या. ठरावीक पातळी गाठेपर्यंत सराव थांबवायचा नाही, हा नियम मात्र होता, आणि तो पाळून घेणारा शिक्षक होता. पडद्यावरचं यकृत कितीही सुबक असो, त्याचं वजन हातात येत नाही.

गैरसमज : हे आपल्याला परवडणारं नाही

२०२४ मध्ये बाजारात आलेला मेटाचा क्वेस्ट ३एस चष्मा २९९ डॉलरचा होता, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे २५ हजार रुपये. मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स २ साडेतीन हजार डॉलरचा, आणि त्याच वर्षी कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. ज्या रुग्णालयांनी तो घेतला होता त्यांना सुट्या भागांची काळजी लागली असणार. तेव्हा खरेदी समितीने किमतीच्या आधी विचारायला हवं की पाच वर्षांनी याला कोण दुरुस्त करणार, आणि वॉर्डातल्या कोणत्या माणसाच्या कामाच्या वेळेत हे बसवायचं. जालन्यात ३६५ खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर आहे, माणसाचा हा प्रश्न तिथेही येईल. उंचीच्या भीतीवर व्हीआर उपयोगी पडतं हे बार्बरा रॉथबॉम आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्येच दाखवलं, पण त्या प्रयोगातही आभासी पुलावर रुग्णाला एकेक पायरी चढवणारा प्रशिक्षित उपचारक शेजारी होता. चष्मा आठवड्यात मागवता येतो. उपचारकाची जागा भरायला किती दिवस लागतात, ते सरकारी रुग्णालयात ज्यांनी रांग लावली आहे त्यांना ठाऊक आहे.