भरल्या कुंडीत उपाशी झाड

मिरा-भाईंदर हे खाडी आणि मिठागरांच्या काठाने वाढलेले शहर. इथे शाळेच्या गच्चीवर बाग करायची, तर चांगली माती आणायची कुठून? म्हणून अनेकजण कोकोपीटच्या विटा आणतात. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा दाबून त्या केलेल्या असतात. भुसा हलका, पाणी धरून ठेवणारा. पण कधी कधी त्यात लावलेल्या मिरचीची पाने पिवळी पडतात आणि खत वाढवूनही हिरवी होत नाहीत. असे का होते?

आधी पाने नीट पाहू. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली, तर नायट्रोजन कमी पडला असण्याची शक्यता असते. झाड जुन्या पानांतला नायट्रोजन काढून कोवळ्या पानांना देते. लोहाची अशी हलवाहलव सहजी होत नाही. म्हणून लोह कमी पडले, की कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा हिरव्या राहतात.

गंमत अशी, की लोह कुंडीत असूनही झाडाला मिळत नाही. याचे कारण सामू, म्हणजेच पीएच. कुंडीतल्या बहुतेक झाडांना 5.5 ते 6.5 सामू मानवतो. तो 7 च्या वर गेला, की लोहाचे न विरघळणारे संयुग बनते आणि मुळे ते शोषू शकत नाहीत. सामूतील एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दसपट फरक, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

सामू बदलतो कशाने? पहिले कारण भुसा. थंड देशांतल्या दलदलीतले पीट बरेच आम्लधर्मी, सामू सुमारे 4. म्हणून त्यात चुना मिसळतात. कोकोपीटचा सामू मुळातच 6 च्या आसपास असतो. परदेशी पुस्तकातली चुन्याची मात्रा इथे वापरली, तर सामू नको तितका चढतो.

दुसरे कारण पाणी. बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल, तर रोज थोडा चुना घातल्यासारखेच होते.

तिसरे कारण खत. मूळ अमोनियम आयन घेते, तेव्हा हायड्रोजन आयन बाहेर टाकते आणि सामू उतरतो. नायट्रेट घेते, तेव्हा उलट घडते.

शिवाय मीठ आहेच. काथ्या सुटावा म्हणून सोडणे खाडीच्या पाण्यात भिजवली असतील, तर भुसा सोडियम धरून ठेवतो. नुसत्या धुण्याने सुटे मीठ जाते. चिकटलेले सोडियम हटवायला कॅल्शियम लागते. म्हणून भुसा कॅल्शियम नायट्रेटच्या सौम्य द्रावणात रात्रभर भिजवून पुन्हा धुतात.

आम्ही एक प्रयोग सुचवतो. सारख्याच भुशाच्या तीन कुंड्यांत मिरचीची सारखी रोपे लावा. एका कुंडीला अमोनियम सल्फेट, दुसरीला कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही लिटरला 1 ग्रॅम. तिसरीला नुसते पाणी. दर आठवड्याला प्रत्येक कुंडीतला एक वाटी भुसा दोन वाट्या ऊर्ध्वपातित पाण्यात अर्धा तास ठेवून गाळा आणि वैश्विक दर्शकाने सामू पाहा. महिन्याभरात सामू कोणत्या कुंडीत चढेल, कोणत्या कुंडीत उतरेल, याचा अंदाज मुलांना आधीच वहीत लिहायला सांगावा.