हँडलावरील बटणे आणि परका ध्वनिसंच : एक संकेतविचार

(१) प्रश्नाचे स्वरूप

मोटारसायकलीवरील मूळचा ध्वनिसंच काढून त्याच्या जागी दुसऱ्या बनावटीचा संच बसविला की एक चमत्कारिक स्थिती पुष्कळदा उद्भवते. नवा संच उत्तम गातो, पण आवाज कमीजास्त करण्यासाठी किंवा पुढचे गाणे लावण्यासाठी हँडलावर दिलेली बटणे एकाएकी मुकी होतात. तारा तुटलेल्या नसतात, बटणेही बिघडलेली नसतात. असे असता ती निरुपयोगी का व्हावीत? हा प्रश्न केवळ विद्युत्‌शास्त्राचा आहे असे मानण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखात तो मुख्यतः संकेताचा, म्हणजे आपल्या अभ्यासविषयाच्या कक्षेतील प्रश्न आहे, असे दाखविण्याचा विचार आहे.

होंडाची गोल्ड विंग किंवा हार्ली-डेव्हिडसनच्या लांब पल्ल्याच्या गाड्या, ज्यांत असा संच मुळातच बसविलेला असतो, आपल्या शहरात थोड्याच दिसतात. परंतु फोन घेणे, गाणे बदलणे इत्यादी कामांसाठी डाव्या हातापाशी बटणे देण्याची प्रथा आता सामान्य गाड्यांपर्यंत पोचली आहे. शिवाय छत्रपती संभाजीनगरला हा विषय परका नाही. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि पुढे एन्ड्युरन्स, व्हेरॉक यांसारखे सुट्या भागांचे उद्योग या परिसरात वाढले. दुचाकीचे वायरिंग हा येथील असंख्य कुटुंबांच्या उपजीविकेचा विषय आहे.

हँडलावरील बटण ही चैनीची वस्तू आहे, असेही कोणी समजू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १६·७ मीटर अंतर कापते. संचाचा आवाज कमी करण्यासाठी स्वाराने एक हात हँडलावरून काढून दोन सेकंद नजर खाली वळविली, तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. कन्नडजवळील औट्रम घाटाच्या वळणावर ३३ मीटर म्हणजे काय, हे त्या रस्त्याने गेलेल्यांस सांगावयास नको. म्हणून नवा संच बसविताना जुनी बटणे चालू राहिली पाहिजेत, हा आग्रह रास्त आहे.

(२) एकस्तरीय संकेत : रोधांची शिडी

बटण दाबल्यावर संचाकडे ‘आवाज वाढव’ अशी आज्ञा जात नाही. एक विद्युत्‌चिन्ह जाते. त्या चिन्हाचा आणि आज्ञेचा संबंध निर्मात्याने ठरविलेला असतो. शब्द व अर्थ यांचा संबंध नित्य आहे असे मीमांसक मानतात, तर तो संकेताने सिद्ध होतो असे नैयायिकांचे म्हणणे आहे. उत्तरकालीन नैयायिकांनी त्यातही भेद करून, माणसांनी मागाहून ठरविलेल्या संकेतास ‘आधुनिक संकेत’ किंवा ‘परिभाषा’ म्हटले. सोस्यूरच्या १९१६ साली, त्याच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत चिन्हाच्या यादृच्छिकतेचे जे तत्त्व येते, त्याचे इतके निर्भेळ उदाहरण नैसर्गिक भाषांत सापडणे कठीण.

अशा परिभाषेचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे रोधांची शिडी. संचातून एक स्थिर विद्युत्‌दाब एका ठराविक रोधामार्फत बटणांकडे येतो. प्रत्येक बटणामागे निरनिराळ्या मूल्याचा रोध असतो. जे बटण दाबावे त्याच्या रोधानुसार तारेवरील दाब खाली येतो आणि तो मोजून संच बटण ओळखतो. उदाहरणादाखल ५ व्होल्टचा दाब व संचातील रोध १००० ओहम धरू. बटणाचा रोध ३३० ओहम असल्यास तारेवर सुमारे १·२४ व्होल्ट मिळतील, १००० ओहम असल्यास २·५ व्होल्ट, ३००० ओहम असल्यास ३·७५ व्होल्ट. कोणतेच बटण दाबले नसेल तर दाब ५ व्होल्टच राहील. हे अंक केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येक निर्माता आपापले अंक ठरवितो, आणि एका संचाला जो दाब ‘पुढचे गाणे’ वाटतो तोच दुसऱ्याला ‘आवाज बंद’ वाटू शकतो किंवा निरर्थकही वाटू शकतो.

येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली ही की, संच नेमका २·५ व्होल्टचा बिंदू शोधीत नाही. त्याच्या अलीकडचा व पलीकडचा काही पट्टा तो एकच समजतो. स्वनिमाचेही असेच असते. उच्चार दर वेळी किंचित् बदलतो, पण शेजारच्या स्वनिमाच्या हद्दीत जाईपर्यंत ऐकणाऱ्यास भेद जाणवत नाही. दुसरी गोष्ट अशी की, या संकेतात प्रत्येक चिन्ह अखंड आहे. त्याचे अवयव पाडता येत नाहीत आणि थोड्या अवयवांतून अनेक चिन्हे घडविताही येत नाहीत. म्हणून बटणे जितकी वाढवावीत तितके पट्टे अरुंद होतात आणि परस्परांना भिडू लागतात.

(३) द्विस्तरीय संकेत : कॅन जाळे

दुसरा प्रकार याहून प्रगत आहे. बॉश या जर्मन कंपनीने १९८३ साली हाती घेतलेली आणि १९८६ साली जाहीर केलेली ‘कॅन’ ही पद्धती प्रथम मोटारींत आली आणि पुढे मोटारसायकलींतही रूढ झाली. तिला १९९३ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या पद्धतीत गाडीतील निरनिराळ्या पेट्या, म्हणजे इंजिनाची, मीटरची, हँडलाची, ध्वनिसंचाची, पिळलेल्या दोनच तारांवर जोडलेल्या असतात आणि त्या तारांवर सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने निरोप टाकतात.

या जाळ्याचे ‘स्वनिम’ दोनच आहेत. दोन्ही तारा साधारण २·५ व्होल्टवर असल्या म्हणजे एक. एक तार सुमारे ३·५ आणि दुसरी सुमारे १·५ व्होल्टवर गेली म्हणजे शून्य. एकट्या शून्याला किंवा एकट्या एकाला अर्थ नाही. त्यांच्या क्रमातून निरोप घडतो. निरोपाच्या आरंभी ११ अंकी ओळखक्रमांक असतो. त्यायोगे २०४८ निरनिराळे क्रमांक संभवतात. त्यापुढे आठ बाइटपर्यंत मजकूर येतो. निरर्थक घटकांपासून सार्थ घटक घडविण्याच्या ज्या गुणास आंद्रे मार्तिने यांनी भाषेचे व्यवच्छेदक लक्षण मानले, ती द्विस्तरीय रचना येथे मर्यादित अर्थाने आढळते. दोन पेट्या एकाच वेळी बोलू लागल्या तर काय करावे, याचाही शिष्टाचार ठरलेला आहे. ज्याचा ओळखक्रमांक लहान त्याचा निरोप पुढे जातो आणि दुसरी पेटी थांबून पुन्हा प्रयत्न करते.

तथापि या मानकाने काय ठरविले आणि काय मोकळे सोडले, हे नीट पाहिले पाहिजे. त्याने स्वनिम ठरविले आणि निरोपाची घडण ठरविली. कोणत्या क्रमांकाचा अर्थ काय, हे ठरविले नाही. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर वर्णव्यवस्था व व्याकरण सार्वजनिक आहे, शब्दकोश मात्र प्रत्येक निर्मात्याच्या कपाटात आहे. नवा संच जाळ्याला जोडूनही बटणे मुकी राहतात याचे कारण हेच. त्याला ध्वनी ऐकू येतात. शब्द कळत नाहीत.

(४) लक्षणांवरून निदान

हा भेद केवळ वर्गीकरणासाठी नाही. दोन्ही संकेत बिघडले म्हणजे दोन निरनिराळ्या तऱ्हांनी बिघडतात, आणि त्यावरून दोष कोठे शोधावा हे कळते.

रोधांच्या शिडीत पावसाचे पाणी बटणात शिरून संपर्क गंजला की मूळ रोधात नवा रोध मिसळतो. वरील उदाहरणातील ३३० ओहमचे बटण ९०० ओहमसारखे वागू लागते आणि तारेवरील दाब १००० ओहमच्या पट्ट्यात जातो. स्वार आवाज कमी करू पाहतो आणि गाणे बदलते. म्हणजे येथे बिघाडाचे रूप ‘विपरीत अर्थ’ हे आहे. तार पूर्ण तुटली तरच सर्व बटणे एकदम गप्प होतात.

कॅन पद्धतीत प्रत्येक निरोपाच्या शेवटी १५ अंकी पडताळा असतो. वाटेत एखादा अंक बदलला तर पडताळा जुळत नाही आणि निरोप त्याज्य ठरतो. वारंवार चुकणारी पेटी आपण होऊन जाळ्यातून बाजूला होते. म्हणून येथे तारेच्या दोषाचे रूप ‘मौन’ असते. अशा गाडीत एक बटण दाबता दुसरेच काम होऊ लागले, तर जाळ्याच्या तारा तपासण्यात वेळ घालवू नये. दोष बहुधा कोशात, म्हणजे मधल्या दुभाष्याच्या जुळणीत आहे. मात्र काही गाड्यांत बटणापासून हँडलाच्या पेटीपर्यंतचा टप्पा शिडीचाच असतो, हा अपवाद लक्षात ठेवावा.

(५) दुभाष्याची योजना

या दोन संकेतांमध्ये जी छोटी पेटी बसवितात तिला बाजारात ॲडॅप्टर म्हणतात. तिचे खरे काम दुभाष्याचे आहे. १६७४ साली हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हा त्याच्यासोबत नारायण शेणवी दुभाषी होता. दोन्ही पक्षांची भाषा जाणणारा तिसरा मध्ये असावा लागतो, ही त्या काळची गरज येथेही तशीच आहे. ही पेटी जुन्या बटणाचे चिन्ह वाचते आणि नव्या संचाला समजेल असे चिन्ह पुढे देते. काही नव्या संचांत बटणांसाठी वेगळी तार असते व बटणे ‘शिकविण्याची’ सोय असते. शिडीच्या गाडीत दोन्ही बाजूंचे दाब जुळत असतील तर अशा संचाला निराळ्या दुभाष्याची गरज राहत नाही.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम बॅटरीची तार सोडावी आणि हँडलाचा कपलर अलग करावा. शिडीच्या गाडीत मल्टिमीटरने प्रत्येक बटणाचा रोध मोजून तक्ता करावा. ही मोजणी हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे वळवून आणि पूर्ण उजवीकडे वळवून अशी तीनदा करावी. कारण वायरिंग हँडलाच्या मानेपाशी सतत वाकते आणि आतली तार तेथेच तुटू पाहते. कॅनच्या गाडीत, बॅटरी सुटलेली असताना, जाळ्याच्या दोन तारांमधील रोध मोजावा. दोन्ही टोकांस १२० ओहमचे रोध असल्याने तो सुमारे ६० ओहम आला पाहिजे. १२० आल्यास एक टोक सुटले आहे, ४० आल्यास एक रोध जास्तीचा जोडला गेला आहे, आणि जवळजवळ शून्य आल्यास तारा परस्परांस चिकटल्या आहेत. संच बसविण्यापूर्वी व नंतर हीच मोजणी करावी.

मूळ वायरिंग कापू नये. जुळणारा कपलर मध्ये घालून जोडणी करावी. त्याच जुडग्यात हॉर्न, इंडिकेटर व दिवे यांच्याही तारा असतात, आणि गाण्यासाठी इंडिकेटर गमावणे हा सौदा आतबट्ट्याचा आहे. नव्या संचाच्या मुख्य तारेला बॅटरीजवळ फ्यूज द्यावा आणि अर्थिंग एकाच ठिकाणी घ्यावे. गाडी उभी असताना संच किती प्रवाह घेतो तेही पाहावे. ९ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून २० मिलिअँपिअर सतत जात राहिले तर ती ४५० तासांत, म्हणजे १९ दिवसांच्या आत, पुरती रिकामी होते. स्टार्टर तर त्याच्या पुष्कळच आधी दगा देतो.

(६) कोश कोणाचा?

निर्मात्याने कोश दिला नाही तर कारागीर काय करतो? तो जाळ्यावर कान लावून बसतो. एक बटण दाबतो आणि कोणत्या निरोपात कोणता अंक बदलला ते टिपतो. बटण सोडतो आणि तो अंक पूर्ववत झाला का ते पाहतो. मग दुसरे बटण. बाकी सर्व स्थिर ठेवून एकच घटक बदलावयाचा आणि अर्थात पडलेला फरक नोंदवावयाचा, ही आपण लघुतम युग्मांच्या साहाय्याने करतो तीच परीक्षा होय. लिपी व कोश नसलेल्या बोलीचे क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याला ही पद्धती ओळखीची वाटेल. फरक इतकाच की बोलीचा कोश कोणी लपवून ठेवलेला नसतो. तो रचला गेलेलाच नसतो. गाडीचा कोश मात्र तयार असून बंद असतो.

सर्वच कोश बंद आहेत असे नाही. इंजिनाच्या प्रदूषणनियंत्रणाशी संबंधित पुष्कळसे निदानसंकेत नियमांमुळे प्रमाणित झालेले आहेत आणि ते कोणालाही वाचता येतात. यावरून कोश खुला करणे तंत्रदृष्ट्या अवघड नाही, हे सिद्ध होते. प्रश्न इच्छेचा व नियमाचा आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली, तिच्या विचारार्थ ठेवलेल्या क्षेत्रांत वाहनांचाही समावेश केला आणि त्याच वर्षी डिसेंबरात या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. या चर्चेत सुटे भाग, त्यांच्या किमती व माहितीपुस्तिका यांचा विचार होतो. परिभाषेच्या मालकीचा विचारही तितकाच व्हावयास हवा. दुसरी बाजूही दुर्लक्षिता येत नाही. ज्या जाळ्यावर गाण्याचा निरोप जातो त्यावरच इंजिनाचे किंवा ब्रेकचे निरोपही जात असू शकतात, आणि तेथे कोणालाही काहीही बोलू देणे धोक्याचे आहे. पण ऐकण्याची मुभा व बोलण्याची मुभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बटणे चालू ठेवणाऱ्या दुभाष्याला गाडीच्या जाळ्यावर बहुधा ऐकणेच पुरेसे असते.

समाजात संकेत रूढ होतो तेव्हा तो सर्वांचा होतो. एकट्याच्या मालकीची भाषा ही कल्पनाच आपल्या शास्त्रास अमान्य आहे. यंत्रांच्या परिभाषेत मात्र विकत घेणाऱ्याने वापरावयाची आणि विकणाऱ्याने समजावयाची अशी भाषा निर्माण झाली आहे. मोटारसायकलीची चार बटणे हे तिचे लहानसे उदाहरण. या परिभाषांची नोंद, त्यांतील चिन्हांचे वर्गीकरण आणि कारागिरांच्या कोशरचनेच्या पद्धती हा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास क्षेत्रकार्यासाठी योग्य विषय आहे, आणि त्यासाठी वाळूजच्या पलीकडे जाण्याची गरज नाही.